चहातून गुपचूप औषध देऊ का?

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा आहे. दीड वर्षापासून त्याला रोज क्वार्टर लागते. सकाळी कप धरताना हात थरथरतो. शेजारच्या वहिनींनी दारू सोडवायच्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्याला न सांगता चहातून द्यायच्या म्हणतात. देऊ का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : नका देऊ, ताई. त्या गोळ्या डायसल्फिरामच्या असतील आणि वरून तो प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवली तरी हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनीच सुरू करतात. बिननावाच्या पुड्या तर घरातही ठेवू नका.

‘उद्यापासून थेंबही नाही’ अशी शपथही घालू नका. सकाळची थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा वेळी ती एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होणं, माणसं न ओळखणं, ताप, प्रचंड घाम असं झालं तर थेट रुग्णालय गाठायचं, तासभरही थांबायचं नाही.

आधी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. रोज किती पितो, शेवटचं कधी प्यायला, पूर्वी फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. दारू तोडतानाचा त्रास टाळायला साधारण आठवडाभर औषधं कमी कमी करत देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. अशक्तपणा दिसला की गावात ग्लुकोजचं सलाईन लावतात. त्याआधी बी-१ दिलं का, हे नक्की विचारा, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

हा विषय रात्री तो पिऊन आल्यावर काढू नका. सकाळी, एकटा असताना बोला, आणि घडलेलंच बोला : ‘या आठवड्यात तीनदा कामाला गेला नाहीस, मला काळजी वाटते.’ ‘बेवडा’ हा शब्द घरात नको. उधारी फेडू नका, उपचारांचा खर्च मात्र जरूर करा. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. घरच्यांच्या समुपदेशनापासूनही सुरुवात होते. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही हेच काम करत आहे.

उपचारांनंतर तो पुन्हा एकदा प्यायला, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. कुठे, कोणासोबत, कशामुळे घडलं ते विचारा आणि लगेच पुढची भेट घ्या.

प्रश्न : मी फक्त शनिवारी दोन स्ट्राँग बिअर घेतो. कमी कशी करू? – एक विद्यार्थी

उत्तर : ६५० मिलीची, ८ टक्क्यांची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. तुम्ही एका बैठकीत आठ पेग घेताय, हे ‘फक्त’ नाही. स्ट्राँग सोडून माइल्डचा ३३० मिलीचा एकच पाइंट ठरवा, आणि हे मित्रांना आधीच सांगून ठेवा. जेवून बसा. एकाने पैसे भरून सगळ्यांसाठी मागवायची पद्धत मोडा, त्यातच संख्या वाढत जाते. आणि एक पाइंट घेतला तरी बाइक चालवायची नाही.