‘वैधता’ म्हणावे की ‘सप्रमाणता’, आणि ती नेमकी कशाची?

नागपुरात शिक्षणशास्त्राचा लघुशोधप्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. उन्हाळ्यात वर्गात कूलर लावल्याने मुलांचे अवधान सुधारते का, हा तिचा विषय असून तिने प्रबंधात ‘प्रस्तुत संशोधन आंतरिकदृष्ट्या वैध आहे’ असे वाक्य लिहिले होते. मार्गदर्शकांनी त्यातील ‘वैध’ खोडून ‘सप्रमाण’ केले, आणि ग्रंथालयातील एका पुस्तकात तिला त्याच अर्थी ‘यथार्थता’ आढळली. इंग्रजीतील ‘व्हॅलिडिटी’साठी, म्हणजे निष्कर्ष किंवा मापन कितपत खरे धरता येते हे सांगण्यासाठी, या तिन्हींपैकी योग्य शब्द कोणता, असे ती विचारते.

तिन्ही शब्द वापरात आहेत, आणि तिन्हींना आपापला इतिहास आहे. मात्र त्या वाक्यातील खरी अडचण ‘वैध’ या विशेषणात नसून ते ‘संशोधन’ या नामाला जोडण्यात आहे, असे माझे मत आहे.

‘वैध’ हा ‘विधी’पासून आला, विधीला, म्हणजे नियमाला धरून असलेले ते वैध. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या कानावर हा शब्द संशोधनाच्या वर्गात पडण्याच्या कितीतरी आधी ‘जात वैधता प्रमाणपत्र’ या स्वरूपात पडलेला असतो, आणि ‘माझी व्हॅलिडिटी अजून आली नाही’ हे वाक्य प्रवेशाच्या दिवसांत नागपूरच्या कोणत्याही महाविद्यालयात ऐकू येते. मोबाइलच्या रिचार्जची व्हॅलिडिटीही त्याच घरातली. या दोन्ही वापरांत वैधता कोणीतरी बहाल करतो, आणि ती एकतर असते किंवा नसते. संशोधनातील वैधता तशी नाही. ती कमीअधिक असते, एका बाजूने भक्कम आणि दुसऱ्या बाजूने लंगडी असू शकते, आणि ती देणारी कोणतीही समिती नसते. म्हणून ‘संशोधन वैध आहे’ हे वाक्य मराठी वाचकाला शिक्का मारल्यासारखे वाटते आणि लिहिणाऱ्यालाही तेवढ्यावर थांबण्याचा मोह होतो.

‘सप्रमाणता’ हा शब्द मराठी शिक्षणशास्त्रात चांगला रुळलेला आहे. चांगल्या कसोटीचे गुण सांगताना सप्रमाणता, विश्वसनीयता आणि वस्तुनिष्ठता ही नावे आपल्या पुस्तकांत एका दमात येतात, आणि मार्गदर्शकांची दुरुस्ती याच परंपरेतून आलेली असावी. हिंदी पुस्तकांत मात्र ‘वैधता’च आढळते, आणि १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्वैभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात दोन्ही भाषांतील पुस्तके एकाच टेबलावर असणे आजही अपूर्वाईचे नाही. ‘सप्रमाणता’ची अडचण वेगळीच आहे. ‘प्रमाण विचलन’, ‘प्रमाणित कसोटी’, ‘मोठ्या प्रमाणावर’ आणि ‘सप्रमाणता’ हे सारे एकाच परिच्छेदात आले, की कोणते प्रमाण म्हणजे पुरावा, कोणते म्हणजे मानक आणि कोणते म्हणजे मात्रा, हे वाचकाने प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

‘यथार्थता’ ऐकायला सर्वांत गोड, पण मी ती टाळीन. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायदर्शनावरील ग्रंथात यथार्थ अनुभवालाच ‘प्रमा’ म्हटले आहे; वस्तू जशी आहे तसे तिचे ज्ञान होणे, हा त्या शब्दाचा गाभा. म्हणजे यथार्थता हा ज्ञानाबद्दलचा अंतिम निवाडा झाला, आणि संशोधक तर त्या निवाड्याकडे जाणारा रस्ता किती पक्का आहे एवढेच सांगू शकतो.

आता ‘कशाची’ या भागाकडे येऊ. अंतर्गत वैधता (बदल खरोखर त्याच कारणाने झाला का) आणि बाह्य वैधता (निष्कर्ष इतरत्र लागू पडतो का) ही जोडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९५७ च्या लेखात मांडली. त्याच्या दोन वर्षे आधी क्रॉनबॅक आणि मील यांनी संकल्पनेच्या मापनाशी संबंधित वैधतेची चर्चा केली होती, आणि १९७९ मध्ये कुक व कॅम्बेल यांनी या साऱ्यांची चार प्रकारांत मांडणी केली. मात्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे विधान शॅडिश, कुक आणि कॅम्बेल यांच्या २००२ च्या ग्रंथातले आहे: वैधता हा अनुमानाचा गुण आहे, आराखड्याचा किंवा पद्धतीचा नाही. हे मान्य केले, तर ‘प्रायोगिक आराखडा वैध असतो’ हे वाक्य कोणत्याही भाषेत चूक ठरते, मग त्यात वैध लिहा की सप्रमाण.

कूलरचेच उदाहरण घेऊ. एप्रिलमध्ये कूलर नसताना मुलांची अवधान कसोटी घेतली, सुटीत कूलर बसवले आणि शाळा उघडल्यावर तीच कसोटी पुन्हा घेतली, असे समजा. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; तोवर साधारणतः पाऊस आलेला असतो, हवा पालटलेली असते, मुले दोन महिने मोठी झालेली असतात आणि कसोटीही त्यांच्या ओळखीची झालेली असते. गुण वाढले, तर श्रेय कूलरला द्यायचे की पावसाला? गुण वाढले हा निष्कर्ष भक्कम आहे. कूलरमुळे वाढले हा निष्कर्ष मात्र कच्चा आहे. संशोधन एकच, आकडे तेच, पण दोन अनुमानांची वैधता वेगवेगळी. म्हणून ‘संशोधनाची वैधता’ असे मोघम न लिहिता ‘कूलरमुळे अवधान वाढले, या निष्कर्षाची अंतर्गत वैधता’ असे षष्ठीचे पूर्ण रूप लिहावे. वाक्य लांबते हे खरे, पण ते खोटे बोलत नाही.

पावसासारख्या मधे घुसणाऱ्या घटकासाठी आपल्याकडे ‘गोंधळकारक चल’ वगैरे शब्द चालतात. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अशाच तपासणीसाठी ‘उपाधी’ हा नेमका शब्द आहे. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण धूर ओल्या सरपणामुळे होतो. ओले सरपण ही तेथे उपाधी. काटेकोर पाहता ही संकल्पना व्याप्तीच्या, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ अशा नियत संबंधाच्या, दोषाची आहे आणि आजच्या संख्याशास्त्रीय संकल्पनेशी तिचा तंतोतंत मेळ बसत नाही, तसेच आजच्या मराठीत ‘उपाधी’ म्हणजे पदवी किंवा लचांड. म्हणून मी ती प्रबंधात वापरा असे सुचवणार नाही. पण तोंडी परीक्षेत समजावून सांगताना ती फार उपयोगी पडते.

वैधतेला बाधा आणणाऱ्या घटकांच्या नावांबाबत मात्र पारिभाषिक पुस्तकांनी थोडा हलगर्जीपणा केला आहे. दोन मापनांच्या मधल्या काळात घडलेल्या घटनांना इंग्रजीत ‘हिस्टरी’ म्हणतात, म्हणून मराठीत ‘इतिहास’ लिहिणे हे वाचकाला शिवाजी महाराजांच्या काळात नेऊन सोडण्यासारखे आहे. ‘मध्यंतरीच्या घटना’ पुरे. अभ्यास अर्धवट सोडून जाणाऱ्यांसाठी ‘मर्त्यता’ हा इंग्रजी ‘मॉर्टॅलिटी’वरून आणलेला शब्द तर भयंकरच, कारण शाळेच्या जगात त्यासाठी ‘गळती’ हा सर्वांना ठाऊक असलेला शब्द आधीपासून आहे.

‘आंतरिक’ बदलून ‘अंतर्गत’ करावे. मराठीत आंतरिक तळमळ असते, आंतरिक इच्छा असते; संस्थेच्या किंवा अभ्यासाच्या आतील बाबीला आपण अंतर्गत म्हणतो. ‘बाह्य वैधता’ म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी दिलेली मान्यता नव्हे, तर निष्कर्ष इतर माणसांना, स्थळांना, काळांना कितपत लागू पडतो ही गोष्ट. नागपूरच्या कोरड्या उन्हात कूलर गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत त्याच कूलरचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा नागपूरचा निष्कर्ष अंतर्गत दृष्टीने कितीही पक्का असला, तरी मुंबईसाठी तो आपोआप पक्का होत नाही.

याच जागी आणखी एक गल्लत होते, आणि ती मला ‘वैध की सप्रमाण’ या वादापेक्षा गंभीर वाटते. अनेक प्रबंधांत ‘यादृच्छिक पद्धतीने निवड केली’ हे एकच वाक्य दोन भिन्न कृतींसाठी येते. शहरातील साऱ्या शाळांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून मुले निवडणे ही यादृच्छिक निवड; ती बाह्य वैधतेला बळ देते. निवडलेल्या मुलांपैकी कूलरच्या वर्गात कोण आणि बिनकूलरच्या वर्गात कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे ही यादृच्छिक विभागणी; ती अंतर्गत वैधतेचा आधार आहे. दोन्हींसाठी ‘निवड’ हाच शब्द वापरला, की कोणत्या दाव्याला कोणता आधार आहे, हे परीक्षकालाही कळत नाही.

संशोधनाच्या प्रकारांची नावे लिहितानाही जपावे. वर्णनात्मक, सहसंबंधात्मक, प्रायोगिक, अर्धप्रायोगिक आणि अप्रायोगिक ही नावे ठीक आहेत, परंतु वर्तमानपत्री मराठीत ‘प्रायोगिक तत्त्वावर’ म्हणजे ‘आधी थोड्या जागी करून पाहू’. एखाद्या शाळेत प्रायोगिक तत्त्वावर कूलर बसवले, म्हणून त्यावरील अभ्यास प्रायोगिक ठरत नाही. त्यासाठी संशोधकाने स्वतः एक घटक बदलायला हवा, मुलांची विभागणी यादृच्छिक हवी आणि इतर घटकांवर नियंत्रण हवे. वर्ग आधीच ठरलेले असतील आणि एका वर्गाला कूलर, दुसऱ्याला नाही, अशी मांडणी असेल, तर तो अर्धप्रायोगिक अभ्यास होतो. आधीच कूलर असलेल्या आणि नसलेल्या शाळांची नुसती तुलना केली, संशोधकाने स्वतः कोणताच घटक बदलला नाही, तर तो अप्रायोगिक. श्रीमंत शाळेत कूलर असतो आणि शिकवणीही असते, हे विसरता येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे. अवधान कसोटीबद्दल लिहाल तेथे ‘सप्रमाणता’ ठेवा, म्हणजे मार्गदर्शकांची परंपराही राहील. निष्कर्षाबद्दल लिहाल तेथे ‘वैधता’ वापरा, आणि हा भेद पहिल्याच प्रकरणात एका वाक्यात सांगून टाका. मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘वर्गांची विभागणी यादृच्छिक नसल्याने, कूलरमुळे अवधान वाढले या निष्कर्षाची अंतर्गत वैधता मर्यादित आहे.’ विभागणी खरोखरच यादृच्छिक केली असेल, तर अर्थातच वाक्याचा पूर्वार्ध बदलावा लागेल, आणि तेव्हाही ‘वैध आहे’ऐवजी ‘वैधता अधिक आहे’ असेच लिहावे.