देव मानत नाही, मग बुद्ध पौर्णिमेला मूर्तीपुढे फुलं कशासाठी?

शेजारच्या बौद्ध कुटुंबाने तुम्हाला बुद्ध पौर्णिमेच्या वंदनेला बोलावलंय आणि तुमचे दोन प्रश्न आहेत: देव मानत नाहीत तर फुलं-मेणबत्त्या कशाला, आणि पंचशील नुसतं म्हणायचं असतं की पाळायचंही? आमच्या घरातली पोरंही हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फुलांचं. फूल वाहताना जी गाथा म्हणतात तिच्यात नवस नाही, धनदौलत-मूलबाळ मागणं नाही. तिचा शेवट असा आहे: 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं'. म्हणजे हे फूल जसं कोमेजतं, तसा माझा देहही नाश पावणार आहे. आमच्याकडे विदर्भात वैशाखाचं ऊन असं असतं की सकाळी वाहिलेला मोगरा दुपारी पिवळा पडलेला दिसतो. गाथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बुद्ध माणूस होते. लुंबिनीत जन्म, बोधगयेला बोधी म्हणजे ज्ञानप्राप्ती, कुशीनगरला महापरिनिर्वाण. तिन्ही घटना वैशाख पौर्णिमेच्याच, असं परंपरा मानते. एका माणसाचं सगळं आयुष्य एका दिवशी आठवायचं, त्याला आदराने वंदन करायचं, इतकंच.

आता पंचशील. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा, या पाच गोष्टींपासून दूर राहण्याचा हा निश्चय. कोणी वरून दिलेली आज्ञा नाही. प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने, स्वतःपुरतं म्हणतो. नुसतं म्हणून भागतं का? याला खुद्द बुद्धांनी उत्तर दिलंय, तेही स्वतःच्या मुलाला.

हा मुलगा, राहुल, लहान वयातच भिक्षूंच्या संघात आला होता. एकदा बुद्ध त्याच्याकडे गेले. राहुलने पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडंसं पाणी राहू दिलं आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्षूपण, एवढंसंच. मग ते पाणी फेकलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं, आणि दर वेळी तेच सांगितलं. पुढे विचारलं, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसंच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होतोय का?

माझ्या मते सगळी बौद्ध नीती एवढ्यात येते. सम्राट अशोकालाही हा उपदेश मोलाचा वाटला असावा. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या त्याच्या शिलालेखात, भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी जे उपदेश वारंवार ऐकावेत त्यांत राहुलला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश नावानिशी आहे.

हा आरसा घरात धरला की शीलं अवघड होतात. चोरी म्हणजे फक्त पाकीटमारी नाही. कामवाली आजारी पडली म्हणून तिचे पैसे कापणं मी चोरीतच धरते. सिगालोवाद सुत्त या पाली उपदेशात बुद्ध गृहस्थाला स्पष्ट सांगतात की, राबणाऱ्याला झेपेल तेवढंच काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारपणात त्याची काळजी घ्या, वेळेवर सुट्टी द्या.

पाचव्या शीलासाठी आमच्या वस्तीत बायका सगळ्यात जास्त झगडल्या. जयंतीच्या मिरवणुकीत कोणी पिऊन नाचताना दिसला की माझी आई त्याला सगळ्यांदेखत बाजूला घ्यायची आणि विचारायची, "सकाळी विहारात काय म्हणालास रे?" तो खाली मान घालायचा. बाबासाहेबांनी 24 मे 1956 ला मुंबईच्या नरे पार्कवर, बुद्ध जयंतीच्याच सभेत, ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असं जाहीर केलं. 14 ऑक्टोबरला नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिसरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील घेतलं आणि मग जमलेल्या लाखो लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हे त्या प्रतिज्ञांमध्ये साध्या मराठीत आहे. ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या हीन ठरवलं गेलं, त्यांच्या हातात त्यांनी स्वतःचं वागणं स्वतः घडवण्याचा अधिकार दिला. म्हणून पंचशील म्हणून झाल्यावर पुन्हा गुत्त्यावर जाणारा माणूस पाहिला की मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

तुम्ही जरूर जा. पांढरे कपडे असतील तर घाला, नसतील तरी चालतं. नारळ नको, थोडी फुलं न्या. चपला बाहेर काढून सगळ्यांबरोबर खाली बसा. त्रिसरण, पंचशील, मग बुद्ध-धम्म-संघ वंदना होईल. पाली येत नसेल तर हात जोडून शांत बसलात तरी पुरे. शेवटी सगळे "साधु, साधु, साधु" म्हणतील, तेवढं तुम्हीही म्हणा. नंतर खीर मिळेल. बोधीआधी सुजाताने बुद्धांना खीर दिली होती, त्याची ती आठवण आहे. ती नाही म्हणू नका.