‘परराष्ट्रीय’ म्हणजे परदेशी नव्हे

प्रश्न असा आहे : मराठी बायबलमध्ये पहिल्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल स्वतःला ‘परराष्ट्रीयांचा प्रेषित’ म्हणवतो आणि कैसरियात राहणारा रोमी सैन्यातील शताधिपती कर्नेल्यही ‘परराष्ट्रीय’ ठरतो. मग ‘परराष्ट्रीय’ म्हणजे ‘परदेशी’ असे समजावे का? आणि अलीकडच्या भाषांतरात त्याऐवजी ‘यहूदीतर’ का दिसते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परराष्ट्र मंत्रालय, परराष्ट्र धोरण हे शब्द रोजच्या वाचनात असल्यामुळे ‘परराष्ट्रीय’ म्हटले की सीमेपलीकडचा माणूस डोळ्यांपुढे येतो. नव्या करारातील या शब्दाचा सीमेशी काहीही संबंध नाही; त्याचा अर्थ ‘यहूदी नसलेला’ असा आहे. पौल स्वतः किलिकियातील तार्स या ग्रीक संस्कृतीच्या शहरात जन्मलेला आणि त्याचा सहकारी बर्णबा कुप्र (सायप्रस) बेटावरचा. दोघेही यहूदियाबाहेरचे असून त्यांना कोणी परराष्ट्रीय म्हणत नाही, कारण दोघेही जन्माने यहूदी आहेत. उलट यरुशलेमच्या वेशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ग्रीक कुटुंब असते, तर ते परराष्ट्रीयच राहिले असते.

मूळ ग्रीक शब्द ‘एथ्ने’ असा आहे. तो ‘एथ्नोस’ म्हणजे लोकसमूह, जनसमुदाय याचे अनेकवचन असून त्यामागे हिब्रूतील ‘गोय’ (राष्ट्र) आणि त्याचे अनेकवचन ‘गोयीम’ ही जोडी उभी आहे. गंमत अशी की ‘गोय’ हा शब्द मुळात फक्त इतरांसाठी नव्हता. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात इस्राएलालाच ‘पवित्र राष्ट्र’ म्हटले आहे, तेथेही मूळ शब्द ‘गोय’ हाच आहे. पुढे अनेकवचनाला ‘आपल्याव्यतिरिक्त बाकीचे सगळे’ असा अर्थ चिकटला. मराठी भाषांतरकारांनी ‘एथ्ने’साठी संदर्भ पाहून कधी ‘राष्ट्रे’ तर कधी ‘परराष्ट्रीय’ असे शब्द योजले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा आहे, तिथली ‘राष्ट्रे’ आणि पौलाचे ‘परराष्ट्रीय’ हे ग्रीकमध्ये एकाच शब्दाचे रूप आहे. मराठीत निदान धातूचे नाते दिसत राहते, हा त्या जुन्या निवडीचा मोठा गुण मी मानतो.

परंतु हा शब्द नीट कळायचा असेल तर त्याच्या शेजारी बसलेला दुसरा शब्द पाहावा लागतो, तो म्हणजे ‘यहूदीमतानुसारी’. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात भोजनाच्या वाटणीची व्यवस्था पाहण्यासाठी सात जण निवडले जातात, त्यांतील निकलाव हा अंत्युखियाचा यहूदीमतानुसारी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळ आलेला’, ‘येऊन मिळालेला’ असा होतो. म्हणजे बाहेरच्या माणसाला आत येण्याची वाट तेव्हाही बंद नव्हती. सुंता करून, मोशेचे नियमशास्त्र स्वीकारून, आपले मूळ सोडून तो यहूदी समाजात येऊ शकत असे. त्याअलीकडे ‘देवाचे भय बाळगणारे’ असा आणखी एक वर्ग होता. हे लोक सभास्थानात, म्हणजे यहूदींच्या प्रार्थनास्थळात, येत, दानधर्म करीत, पण सुंता करून घेत नसत. कर्नेल्य यांच्यापैकी होता. पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीपुढचा खरा पेच ‘यांना आत घ्यावे की नाही’ असा नव्हताच. ‘यांना आधी यहूदीमतानुसारी करून मग घ्यावे, की आहेत तसे घ्यावे’ असा होता.

कर्नेल्याच्या प्रसंगात हा पेच अगदी जवळून दिसतो. येशूचा शिष्य पेत्र यापो येथे समुद्रकाठी, शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी उतरला आहे. दुपारची वेळ, पोटात भूक, घरात स्वयंपाक चालू, आणि गच्चीवर प्रार्थना करताना त्याला दृष्टान्त होतो : आकाशातून एक मोठी चादर खाली येते, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी असतात आणि ‘मारून खा’ अशी वाणी होते. निषिद्ध ते मी कधी खाल्ले नाही, असे पेत्र म्हणतो. हे तीनदा घडते. तेवढ्यात कर्नेल्याचे बोलावणे येते; दुसऱ्या दिवशी तो यापोतील काही बांधवांना घेऊन कैसरियाला जातो आणि कर्नेल्याचे घर बाप्तिस्मा घेते. यरुशलेमात परतल्यावर मात्र त्याच्यावर आरोप होतो तो बाप्तिस्मा दिल्याचा नव्हे; ‘तुम्ही सुंता न झालेल्यांच्या घरी गेलात आणि त्यांच्याबरोबर जेवलात’ असा तो आरोप आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराची कारवाई, झाले होते. पंक्तिव्यवहार हीच समाजाची खरी वेस असते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणि म्हणूनच पेत्राला जे एकदा कळले ते टिकले नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असे, पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा तो बिचकून मागे सरला. त्याच्यामागोमाग इतर यहूदी आणि शेवटी बर्णबासुद्धा उठला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. दोन मोठ्या प्रेषितांमधला हा खटका झाकून न ठेवता नव्या करारात तसाच राहिला आहे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमात जी सभा झाली, तिने सुंतेची अट काढून टाकली आणि परराष्ट्रीयांना चार गोष्टींपासून दूर राहण्यास सांगितले : मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. यांतल्या तीन गोष्टी ताटातल्या आहेत, याकडे लक्ष द्यावे. एकत्र जेवता यावे एवढ्यापुरती ती तडजोड होती, असे मी तिचे वाचन करतो. पण शब्दचर्चेच्या दृष्टीने या निर्णयापेक्षा तो कळवणाऱ्या पत्राचा मायना अधिक बोलका आहे. अंत्युखिया, सूरिया आणि किलिकिया येथील ‘परराष्ट्रीयांतील बंधूंना’ असे ते पत्र लिहिले आहे. बंधू झाले, तरी परराष्ट्रीय हे नाव पुसले गेलेले नाही. रोमकरांस लिहितानाही पौल विश्वास ठेवणाऱ्यांनाच ‘तुम्ही जे परराष्ट्रीय’ असे संबोधतो. (करिंथकरांना मात्र तो ‘तुम्ही परराष्ट्रीय होता तेव्हा’ असे भूतकाळात म्हणतो, तेव्हा त्याची लेखणी दोन्ही बाजूंना वळते हे मान्य केले पाहिजे.) यावरून हे स्पष्ट व्हावे की नव्या करारात या शब्दाचा मुख्य अर्थ ‘अश्रद्ध’ किंवा ‘विधर्मी’ असा नाही.

तो अर्थ पुढे चिकटला, तो लॅटिनमार्गे. ‘एथ्ने’चे लॅटिन ‘गेन्तेस’ झाले, त्यापासून पोर्तुगीज ‘जेंतियू’ आला, आणि गोव्यातील पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना हेच नाव मिळाले. इंग्रजांनी त्याचे ‘जेंटू’ केले; 1776 मध्ये हिंदू धर्मशास्त्राचे इंग्रजी संकलन प्रसिद्ध झाले, त्याच्या नावातच ‘जेंटू’ आहे. ज्या शब्दाने अंत्युखियात भाऊ ओळखला जात होता, त्याच शब्दाने गोव्यात बाटवायचे राहिलेले लोक मोजले गेले.

आता ‘यहूदीतर’. सुलभ मराठी भाषांतरात हा शब्द आहे आणि तो संदिग्ध नाही. परदेशीपणाचा घोटाळा त्याने टळतो. इतिहासाविषयी लिहिताना मी तोच वापरीन. मात्र ‘एथ्ने’मध्ये असलेला ‘अनेक लोकसमूह’ हा भाव त्यात उरत नाही, केवळ ‘यहूदी नसणे’ उरते. म्हणून बायबलमधील वचनाची चर्चा करताना ‘परराष्ट्रीय’ कायम ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ सांगावा.

यासोबत आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘मधली आडभिंत’ पाडल्याचे सांगून पुढे तुम्ही आता ‘परके व उपरे’ नाही असे म्हटले आहे. ‘उपरे’ ज्या ग्रीक शब्दासाठी आला आहे, त्याचा अर्थ नगरात राहणारा पण नागरिकत्वाचा हक्क नसलेला असा होतो. आपल्याकडे मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत मिरासदाराच्या समोर ‘उपरी’ असे : तो गावात राही, जमीन कसत असे, सारा भरीत असे, पण त्या जमिनीवर त्याचा वतनी हक्क नसे. भाषांतरकाराने हा शब्द जाणून निवडला असो वा कानाला बरा वाटला म्हणून, त्याहून नेमका शब्द मराठीत मिळाला असता असे मला वाटत नाही. कर्नेल्यासारख्या, सभास्थानाच्या दाराशी वर्षानुवर्षे येऊन आत हक्काने बसू न शकणाऱ्या माणसाचे वर्णन ‘परराष्ट्रीय’पेक्षा ‘उपरा’ या शब्दाने अधिक चांगले होते.