पंखा की भिरभिरे?

नाशिकरोडहून एका प्रशिक्षकांनी विचारले आहे : 'गायरोप्लेन शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणे काढतोय. डोक्यावरच्या रोटरला "पंखा" म्हटले तर चालेल का? आणि स्टिकला "दांडा"?'

गायरोप्लेन म्हणजे हेलिकॉप्टरसारखे दिसणारे छोटे यान. त्याच्या डोक्यावरची फिरती पाती म्हणजे रोटर, आणि तो पुढे-मागे कलवायची मूठ म्हणजे स्टिक. त्या रोटरला 'पंखा' नको. पंखा वारा देतो आणि त्याला कुणीतरी फिरवावे लागते. हेलिकॉप्टरचा रोटर इंजिनच फिरवते, तिथे हा शब्द खपून जाईल. गायरोप्लेन हवेत असताना इंजिनाची ताकद जाते प्रोपेलरला. रोटर फिरतो तो खालून वर घुसणाऱ्या वाऱ्यावर. वारा देणारा नव्हे, वारा खाणारा! त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : भिरभिरे.

रामकुंडावर पोरांच्या हातात कागदी भिरभिरी असतात, ती आठवा. वारा पडलेला असेल आणि पोर उभे असेल तर भिरभिरे गप्प. पोर पळत सुटले की तेही सुटते. इथे ते पळणे म्हणजे प्रोपेलरचा रेटा. उड्डाणाआधी प्रीरोटेटरने रोटरला गती देतात, ती त्याच्या पात्याला मारलेली टिचकी. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांचे ऑटोजायरो (गायरोप्लेनचे जुने नाव) 1923 मध्ये उडाले ते याच तत्त्वावर. ('भिंगरी' सुंदर शब्द आहे, पण ती बोटांनी फिरवायची, म्हणून इथे बसत नाही.)

माझा आग्रह केवळ भाषेपुरता नाही. 'पंखा' ऐकलेल्या मुलाला वाटणार, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) वाढवला की रोटर जोरात फिरेल. वेगात असताना स्टिक झटकन पुढे ढकलली तर रोटरवरचा भार सुटतो, तो मंदावू लागतो, आणि तेव्हा थ्रॉटल वाढवून तो सावरत नाही. उलट इंजिन बंद पडले तरी रोटर फिरत राहतो आणि यान तरंगत खाली येते. वीज गेल्यावर पंखा असे करतो का?

परीक्षेसाठी 'रोटर' हे नाव राहू द्या. समजावताना भिरभिरे म्हणा.

'दांडा' चालेल, शेपटीच्या रडरला 'सुकाणू' तर आहेच. पण दांड्याबरोबर क्रियापद जपा. 'दांडा ओढा' म्हटले की मूल हिसका देते. 'मागे घ्या' म्हटले की हात आपोआप हळू होतो. मी लिहीन : 'दांडा हळूच मागे घ्या. भिरभिरे मागे कलेल, जास्त वारा खाईल, जोरात फिरेल.'