आयात शुल्कामुळे गिटार महाग होते, तर मिरजेची सतारही महागते का?

गिटार थेट महागते, सतार थोडीशी आणि आडवळणाने.

आधी गिटारचा हिशेब. शुल्क वाद्याच्या नुसत्या किमतीवर नाही, तर जहाजाचं भाडं आणि विमा धरून लागतं. त्यामुळे पियानोसारख्या अवजड वाद्याला हा फटका जास्त बसतो. समजा, भाड्या-विम्यासह गिटार 20,000 रुपयांना पडली. मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरलं तर 2,000. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 200. आता या 22,200 वर 18 टक्क्यांनी आयजीएसटी, म्हणजे आयात मालावर लागणारा जीएसटी, 3,996. एकूण 26,196. म्हणजे करावरही कर! दुकानदाराला आयजीएसटीची वजावट त्याच्या विक्रीवरच्या करातून मिळते, सीमाशुल्काची मिळत नाही, म्हणून ते त्याच्या खरेदीखर्चात मुरतं आणि त्यावर त्याचा नफा चढतो. रुपया घसरला की दर तोच राहूनही शुल्काची रक्कम वाढते, हे बरेच जण विसरतात.

मिरजेच्या सतारीचा भोपळा पंढरपूर भागातला, कारागीर गावातलेच. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटीही माफ आहे. पण चांगल्या तारांसाठी लागणारं पोलाद अनेकदा जर्मनीहून येतं, तेवढ्यापुरता परिणाम होतो. तारा वरचेवर बदलाव्या लागतात, त्यामुळे तो खर्च वाजवणाऱ्याच्या मागे कायम राहतो. मला खरी काळजी शिकणाऱ्या मुलांची वाटते. व्हायोलिन किंवा कीबोर्ड घेताना दोन-तीन हजारांचा फरकही त्यांच्या घरी मोठा असतो. अशांनी वापरलेलं वाद्य जाणकाराला दाखवून जरूर घ्यावं.