आधी तिला तिथं पोचू द्या

केज तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी 26 वर्षांची. डी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल असं सगळं पार करून जूनमध्ये देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाली. ते लिहितात: 'पहिले दोन महिने रोज रडायची. आता रडत नाही, पण बोलतही नाही. महाराष्ट्रातच आहे, अमेरिकेला थोडीच गेलीय? आम्ही माळकरी, तिथं घराघरात मासळीचा वास. शिक्षिका असून लोक अरेतुरे करतात. ओळखीचे डॉक्टर आजारपणाचं प्रमाणपत्र देतील, त्यावर बदली होईल का? की नोकरी सोडून एमपीएससीला बसवू? स्थळं येतात, पण कोकण म्हटलं की मागं सरतात.'

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीची काळजी वाटावी असं मला त्यात फारसं सापडलं नाही. तुमची मात्र वाटली. 'तिची आई दिवसातून तीन-चारदा फोन करते, रात्री मी व्हिडिओ कॉल करून काय जेवली ते ताट बघतो,' असं तुम्ही सहज लिहून गेलात. सव्वीस वर्षांच्या सरकारी शिक्षिकेला रोज रात्री ताट दाखवायला लावता? आणि वर विचारता, ती बोलत का नाही!

शाळा सुटल्यावरचे दोन-तीन तास हीच कोकणातल्या वाडीत माणसं भेटायची वेळ असते. लोक खळ्यात, म्हणजे अंगणात बसतात, गजाली म्हणजे गप्पा चालतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून थांबवतात. नेमकी तेव्हा तुमची मुलगी खोलीचं दार लावून, खिडकीत रेंज शोधत, केजच्या बातम्या ऐकत असते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची बोअर आटली, कोण वारलं. सहा महिने झाले, ती देवगडला राहतेय कुठे? रोज संध्याकाळी तुम्ही तिला परत घरी नेता आणि सकाळी पुन्हा सोडून येता.

आता 'महाराष्ट्रातच तर आहे' याबद्दल. हा गैरसमज मला इतक्या पालकांकडून ऐकायला मिळतो की जरा सविस्तर लिहिते. परदेशी जाणारा मनाची तयारी करून जातो. आपल्याच राज्यात जाणारा काहीच तयारी करत नाही, कारण भाषा तीच, एसटी तीच, सातबारा तोच. मग पहिल्याच दिवशी कोणीतरी 'खंय चललंस गो?' (कुठे चाललीस गं?) विचारतं आणि मराठीच्या शिक्षिकेला मराठी कळत नाही. बीडला वर्षभरात साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या आसपास, म्हणजे तुमचं अख्खं वर्ष इथं जुलैच्या तीन आठवड्यांत उरकतं. कपडे वाळत नाहीत, वीज जाते, वाड्या लांब लांब. तुमच्याकडे घराला घर लागून असतं, हाक मारली की चार माणसं जमतात. इथं शेजारचं घर म्हणजे मधे आंब्याची बाग आणि एक वहाळ, म्हणजे ओढा. अंधार पडला की सोलापूरहून रत्नागिरीला आलेली मीसुद्धा पहिल्या पावसात घाबरायचे. चामडी चपलांवर हिरवी बुरशी चढली त्या दिवशी मी अक्षरशः रडले होते, चपलांसाठी. तेव्हा ती रडली यात नाटक नाही आणि कमकुवतपणाही नाही.

शिवाय ती रुजू झाली जूनमध्ये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी, म्हणून घरोघर सुकं निघतं. सुक्या बांगड्याचा वास ताज्या माशाच्या चौपट. माळकरी घरातल्या मुलीनं कोकणात पाय ठेवायला याहून वाईट मुहूर्त नव्हता. तो आता टळलाय.

अरेतुरेचं म्हणाल तर मालवणीत 'तू' सर्रास चालतं. म्हातारी 'जेवलंस गो?' विचारते तेव्हा तिनं तुमच्या मुलीला घरात घेतलेलं असतं. आधी मात्र लोक चार हात लांब राहिले असतील, त्याला कारण आहे. बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक येतात, बदली करून जातात आणि वर्ग रिकामा राहतो, हे त्यांनी बऱ्याचदा पाहिलंय. 'ही पण जाणारच' असं धरूनच ते बघतात. तुमचं ते प्रमाणपत्र त्यांना बरोबर ठरवेल.

त्या प्रमाणपत्राबद्दल एकच वाक्य: खोटं कागदपत्र नोकरी घालवतं आणि मी त्यात सल्ला देणार नाही. खरी आंतरजिल्हा बदली मिळाली तरी नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता तळापासून सुरू होते, हेही माहीत असू द्या. एमपीएससी तिला स्वतःला द्यायची असेल तर नोकरी सांभाळून देईल. तुम्ही 'बसवू' नका. आणि कोकण ऐकून मागं सरणारी स्थळं आपणहून गळतायत, बरंच आहे की.

कॅलेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं 1954 मध्ये एका भाषणात या अवस्थेचं, म्हणजे 'कल्चर शॉक'चं, वर्णन केलं. नव्या जागी आलेला माणूस पाण्याची, अन्नाची, स्वच्छतेची नको इतकी धास्ती घेतो आणि आपल्याच मुलखातल्या माणसांना चिकटतो. पुढच्याच वर्षी लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकानं अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांचं पाहिलं: सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे होते, मधलेच सगळ्यात अस्वस्थ. हे सगळ्यांना लागू पडत नाही असं नंतरच्यांनी दाखवलंय, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा मधला काळ कठीण जातो एवढं मी पाहिलंय. तुमची मुलगी आता नेमकी तिथं शिरतेय.

म्हणूनच तिला तालुक्याच्या गावी बीडच्या मुलींबरोबर खोली घेऊन द्यायचा तुमचा बेत मला पटत नाही. त्या मुली चांगल्याच असतील. पण रोज संध्याकाळी चौघी मिळून कोकणाला नावं ठेवतील आणि बदलीच्या जीआरची वाट बघतील. आता ती ज्या आजींच्या घरात राहते, तिथली खोली सुरक्षित आहे, हे तुम्हीच लिहिलंय. निदान पुढचा पावसाळा तिथंच काढू द्या. रविवारी मैत्रिणींकडे जाईल की.

जेवणाचा प्रश्न तर अर्धा नावांचा आहे. कोकणातलं कुळीथ म्हणजे तुमचे हुलगे. तुम्ही शेंगोळे करता, आजी पिठी करतात, कढण तेच. वाडीत भजन होत असेल तर अभंग तुकोबांचेच असणार, चाल तेवढी वेगळी.

पत्राच्या शेवटी तुम्ही तक्रार केलीय, की दिवाळीच्या सुट्टीतून ती दोन दिवस आधीच निघाली, 'जत्रा आहे, पोरांबरोबर दशावतार बघायचाय' म्हणाली. तुम्ही त्याला वेड म्हटलंय. मला ती पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली. रात्रभर बसून दशावतार बघायला पोरं कुठल्याही बाईंना बोलावत नाहीत.

तर फोन एक दिवसाआड, तोही तिनं करायचा. तिच्या आईला हे अवघड जाईल, तुम्हालाही. आणि जानेवारीत शेतातून मोकळे झालात की दोघं आठ दिवस तिच्याकडे जाऊन राहा. कोल्हापूरला गाडी बदला, फोंडा घाटातून उतरा. आजींना आधी कळवा, काही ना काही खाल्ल्याशिवाय त्या उठू देणार नाहीत. जाताना दहा किलो ज्वारी न्या. पीठ नको, दमट हवेत लवकर खराब होतं. चक्की कुठं आहे, ते मुलीला विचारा.