इजिप्तची दिवाणी संहिता ही फ्रेंच कायद्याची नक्कल आहे की शरियतचे आधुनिक रूप?

माझ्या मते दोन्ही वर्णने अपुरी आहेत. 1949 पासून लागू असलेल्या या संहितेचे शिल्पकार अब्द अल-रझ्झाक अल-सनहुरी यांनी पहिल्याच कलमात न्यायाधीशासाठी क्रम लावून दिला आहे: कायद्यात तरतूद नसेल तर रूढी, रूढीही नसेल तर इस्लामी शरियतची तत्त्वे आणि शेवटी नैसर्गिक न्याय. शरियतला येथे स्थान आहे, पण ते रूढीच्याही मागे. करारांची एकंदर मांडणी फ्रेंच वळणाची असली, तरी काही कलमे थेट फिक्हमधून, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रातून आली आहेत. उदाहरणार्थ, शेवटच्या दुखण्यात कोणी मालमत्ता कमी किमतीत विकली आणि किमतीतील तूट एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त निघाली, तर त्या जादा भागापुरती ती विक्री वारसांच्या संमतीशिवाय त्यांना बंधनकारक ठरत नाही.

खरी ठिणगी पडली ती शरियतमध्ये निषिद्ध मानलेल्या व्याजावरून. कलम 226 थकीत रकमेवर दिवाणी व्यवहारात 4 टक्के, तर व्यापारी व्यवहारात 5 टक्के व्याज देते. कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेने घेतलेल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे पैसे थकले आणि विक्रेत्याला व्याज देण्याची वेळ आली, तेव्हा खुद्द अल-अझहरनेच या कलमाला आव्हान दिले. 1980 च्या घटनादुरुस्तीने शरियतची तत्त्वे कायद्याचा मुख्य स्रोत ठरवली होती. तरीही सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने 1985 मध्ये असा निर्वाळा दिला की ते बंधन दुरुस्तीनंतरच्या कायद्यांनाच लागू आहे. कलम शाबूत राहिले.

म्हणूनच कोणते कलम कुठून आले याची मोजदाद मला दुय्यम वाटते; कायदा काय हे कोण ठरवते, हा खरा प्रश्न आहे. अहमद जेवदेत पाशांच्या देखरेखीखाली 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या उस्मानी साम्राज्याच्या ‘मेजेल्ले’ या दिवाणी संहितेची 1851 कलमे आशयाने हनफी या सुन्नी पंथशाखेच्या फिक्हचीच होती, मात्र हनफी पंडितांच्या परस्परविरोधी मतांपैकी न्यायालयात कोणते चालणार, हे आता सुलतानाच्या मंजुरीने ठरू लागले. फिक्हच्या परंपरेला बसलेला हा धक्का माझ्या दृष्टीने कोणत्याही फ्रेंच उसनवारीपेक्षा मोठा होता. पुढे जॉर्डनच्या 1976 च्या संहितेने फिक्हला रूढीच्या वर बसवले खरे, पण तिथेही न्यायाधीशाने फिक्हमधील जे मत संहितेच्या तरतुदींशी अधिक जुळेल तेच घ्यायचे आहे.